भिवराबाईची एक ओळ

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. गोदावरीच्या अलीकडं, करप्या माळाच्या पायथ्याला बोरजाई नावाचं गाव आहे. तिथं भिवराबाई घायपाताचे दोर वळायची. तिचा दोर बैलाच्या हिसड्यानं तुटला, असं कधी कुणी ऐकलं नाही.

पन्नाशी उलटल्यावर ती मिशनच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंकडून अक्षरं शिकली. मग रोज दिवस उगवताना दारात गोणपाट टाकून ती पवित्र शास्त्र उघडून बसे. बोट ओळीखाली सरकायचं आणि एखादा शब्द काळजाला लागला की तिथंच थांबायचं. डोळे मिटून ती म्हणायची, "बोल देवा, ऐकते मी." आणि गप्प बसायची. असं म्हणतात, त्या वेळी अंगणातल्या कोंबड्यासुद्धा मोठा पाहुणा आल्यासारख्या बाजूला सरायच्या.

एका वर्षी नाताळानंतर पाळकसाहेबांनी मिशनच्या देवळात विचारलं, वर्षभरात कुणी किती वाचलं? कुणी चार पुस्तकं सांगितली, कुणी निम्मं शास्त्र. भिवराबाई म्हणाली, एक ओळ. सगळं देऊळ हसलं, तीही हसली. प्रभू वाट चालून दमला आणि विहिरीवर टेकला, एवढंच त्या ओळीत होतं.

"मग पुढं का नाही गेलीस?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"साहेब, तो दमून बसलाय. त्याला पाणी दिल्याबिगर पुढं कशी जाऊ?"

मग कुणी हसलं नाही. पण पाणी द्यायचं कसं, हे तिला तरी कुठं ठाऊक होतं? ती रोज त्यालाच विचारायची. चैत्रातल्या एका सकाळी अशीच विचारून तिनं डोळे उघडले, तर समोर करपा माळ. दोन कोस ना झाड ना पाणी, आणि बाजाराला निघालेली माणसं वाळल्या ओठांनी उतरत होती. भिवराबाईला स्वतःचंच असं हसू आलं, की शेजारीण बघायला आली.

त्याच दिवशी ती घागर डोक्यावर घेऊन माळावर गेली. चार काठ्या रोवून वर गोणपाट बांधलं आणि येईल त्याला पाणी देऊ लागली. वरच्या आळीची माणसं मात्र तोंड फिरवून जायची. दोरवाल्यांच्या हातचं पाणी तेव्हा त्यांना चालत नसे.

वैशाखात ऐन दुपारी एक वऱ्हाड माळावर अडकलं. पहिल्याच गाडीचा आस मोडला होता आणि बरोबरचं पाणी संपलं होतं. नवरी ग्लानी येऊन गाडीत कलंडली. भिवराबाई तांब्या भरून धावली, तर नवरदेवाचे चुलते आडवे आले. आमच्यात चालत नाही, म्हणाले. भिवराबाई भांडली नाही, हललीही नाही. तांब्या धरून उन्हात उभी राहिली. तिच्या मनात एकच होतं, इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो दाराशी आलाय, आणि पाणी हातातच राहतंय.

तेवढ्यात नवरीनं डोळे उघडले. मुंडावळ्या बाजूला सारून तिनं ओंजळ पुढं केली. ती घटाघटा प्याली आणि म्हणाली, "मामंजी, पाणी गोड आहे. तुम्हीही घ्या."

नव्या सुनेचा पहिलाच शब्द, मोडायचा कसा? चुलत्यांनी ओंजळ पुढं केली. मग वऱ्हाड प्यालं, वाजंत्री प्याले, बैल प्याले. असं म्हणतात, सत्तर माणसं आणि बावीस बैल प्याले, तरी घागर काठोकाठ होती. सनईवाल्यानं ओल्या गळ्यानं असा सूर लावला, की गाव माळ चढून वर आलं.

सगळ्यांत शेवटी गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेला एक वाटसरू पुढं आला. तो वऱ्हाडातला नव्हता, गावातलाही नव्हता. तो सावकाश प्याला आणि तेव्हा कुठं घागर रिती झाली. तोंड पुसून तो भिवराबाईला म्हणाला, "आता पुढं वाच."

तिनं वर पाहिलं, तर तो माळ उतरून निघाला होता. त्या संध्याकाळी तिनं दुसरी ओळ वाचली. पुढं ती वीस वर्षं जगली. तेवढ्या काळात तिचा एक अध्याय झाला म्हणतात, आणि तोही पुरता नाही.

आजही कुठल्याही जातीची वरात करप्या माळावर थांबते. बोरजाईची एखादी म्हातारी तांब्या घेऊन उभी असते. पहिली ओंजळ नवरीची, दुसरी तिच्या सासरच्या वडीलधाऱ्याची. आणि सनई वाजू लागली तरी वाटेवरून आणखी कुणी येतंय का, हे पाहिल्याशिवाय म्हातारी घागर पालथी घालत नाही.