नुसता पडून होता

लोखंडाच्या खाणीचे अधिकारी सबनीससाहेब शाळेत भाषणाला आले. "मुलींनो, तुमचा डोंगर नुसता पडून होता. आम्ही तो फोडून परदेशी पाठवला आणि शाळेला हा बाक दिला!" बाकावर कंपनीचं नाव ठसठशीत रंगवलं होतं.

सगुणा कोरेटी बाई त्याच डोंगरावर लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. त्यांनी दहावीच्या चार मुलींना हळूच बाहेर पाठवलं. साहेबांचा ड्रायव्हर गावचाच. त्यानं जॅक काढून दिला.

भाषण संपवून साहेब बाहेर आले, तर गाडीची चारही चाकं गायब!

"बाई, हे काय?"

"गाडी नुसती पडून होती, साहेब," बाई अदबीनं म्हणाल्या. "काळजी नको. एका टायरचा झोपाळा करून तुमच्या घरी पाठवू. वर शाळेचं नाव घालू."

साहेब इतके ओशाळले, की तसेच गाडीत जाऊन बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चल!"