बाजेला येसू म्हणणारं गाव

चिरेवाडीत घरोघरी ओसरीबाहेर एक बाज भिंतीला टेकवून उभी दिसते, आणि तिला सगळे ‘येसू’ म्हणतात. शहरातले पाहुणे हौसेनं लिहून घेतात. कुणी येसव लिहितो, कुणी येसो. कसंही लिहा बापड्यांनो, पण हसू नका. येसू कोंडाईची लेक होती.

त्या काळी गावात बाज एकच, खोताची. बाकी सगळे घोंगडीवर निजायचे. येसू पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. मूल आडवं आलं. सुईण म्हणाली, "माझ्या हातात नाही आता. घाटाखाली वैदूकडं न्या." घाट म्हणजे नुसती घसरण, निजवून न्यायला बाजच हवी. कोंडाईनं खोताच्या अंगणात पदर पसरला. खोत ओसरीवरून म्हणाला, "बाळंतिणीनं बाज विटाळते. चल, नीघ!" मेल्याला स्वतःची आई आठवली नाही!

मग माणसांनी घोंगडीची झोळी केली. अर्ध्या घाटात ती फाटली आणि येसू कातळावर आपटली. तिथंच गेली, पोटातल्या जिवासकट.

कोंडाई रडली नाही, असं सांगतात. तिनं लेकीला वर आणवलं, तडक खोताच्या माजघरात शिरली आणि येसूला त्याच्या बाजेवर निजवलं. "घे! विटाळू दे काय विटाळायचं ते! आजपासून या बाजेचं नाव येसू. ज्याला लागेल त्यानं न्यावी, पण नाव घेऊन मागावी." तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. येसूचे दिवस झाल्यावर तिनं बाज फरफटत आपल्या दारात आणली.

पुढं खोताची सून अडली. खोत धावत आला, "कोंडे, बाज दे!"

"माझ्याकडं बाज नाही."

खोतानं दात खाल्ले, हात जोडले, पण ती जागची हलेना. शेवटी त्याची मान खाली गेली. "येसू दे, बाय."

कोंडाई ताडकन उठली आणि पहिला खांदा तिनंच दिला. "सुनेसाठी उचलतेय. तुला माफी नाही," असं तोंडावर म्हणाली. सून वाचली, नातू वाचला. खोताला मात्र कोंडाईनं मरेपर्यंत माफ केलं नाही म्हणे. का करावं?

त्यानंतर घरोघरी येसू आली. आजही ती मागायला आलेल्याला कोण, कुठला, कुणासाठी, असं विचारत नाहीत. नव्या सुनेनं चुकून विचारलंच, तर सासू आतून कडाडते, "खोतीण झालीस काय गं?"