गेनूशेठची दाढ

कांद्याच्या बाजाराच्या एका गावात दातांच्या एक डॉक्टर होत्या, शरयूबाई. कामाला फार सावकाश. दाढेत सिमेंट भरायचं तर आधी दाढ कोरडी हवी, मग तिच्यावर चिकट औषध नीट चोळून वाळू द्यायला हवं. तेव्हा कुठे सिमेंट धरतं. लोक म्हणत, "बाई दात भरतात की घर सारवतात?"

समोरच नवा दवाखाना निघाला होता. तिथे सगळं झटपट. काम झालं की लगेच चकचकीत दाताचा फोटो, आणि त्या फोटोलाच शाबासकी. पुढे त्या दाताचं काय झालं, हे विचारायला कोण जातंय? शरयूबाईंच्या बाकावरची माणसं मात्र कमी होत चालली.

एका बाजारच्या दिवशी गेनूशेठ आडते आले. बाईंची पाठ सकाळपासून ठणकत होती. त्यांनी दाढ कोरली, थुंकी लागू नये म्हणून तोंडात रबराचा पडदा ताणला, चिकट औषध चोळलं. एवढ्यात तंबाखूच्या सवयीने शेठनी पडदा ओढला आणि पचकन थुंकले. दाढ ओली झाली.

"शेठ, पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

"का म्हणून? लिलाव सुरू होईल तिकडे! भरा की तसंच. वरून दिसणार आहे का काही?"

दिसणार नव्हतं. आज तर मुळीच नाही. बाहेर बाकावरचे दोघे कंटाळून समोरच्या दवाखान्यात गेले. बाईंना वाटलं, भरावं तसंच आणि जरा टेकावं. हात सिमेंटकडे गेलाही. मग त्यांनी सुस्कारा सोडला आणि दाढ पुन्हा धुवायला घेतली.

शेठचा लिलाव चुकला. ते गावभर सांगत सुटले, "त्या बाईकडे जाल तर दिवस बुडेल!"

वर्षं गेली. बाईंचे केस पिकले. बाक बहुतेक रिकामाच. एके दिवशी गेनूशेठ गाल धरून दारात उभे. समोरच्या दवाखान्यात भरून घेतलेली दाढ उघडी पडली होती. कडेने आत कीड शिरली होती.

बाईंनी आरसा आत घातला. शेजारची दाढ त्यांनीच त्या लिलावाच्या दिवशी भरलेली. सिमेंट जिथल्या तिथे घट्ट.

"आणि ही दाढ, शेठ?"

"ही? ही मूळचीच चांगली. हिला कधी कुणाचा हात लागलेला नाही."

शरयूबाईंना हसू आलं. सांगायचाही कंटाळा आला. त्यांनी रबराचा पडदा ताणला.

"आता मध्येच थुंकू नका."

तात्पर्य: जे काम टिकतं त्याचा कर्ता लोक विसरतात, तरीही काम टिकेल असंच करावं. फोटो एका दिवसाचा असतो, घास रोजचा.