नानांनी आडवी केलेली खुर्ची

एकदा एक म्हातारी मंत्रीणबाई आपणहून राजकारण सोडून गावी परतली. आपणहून, बरं का. असा योग आपल्याकडे फारसा येत नाही, म्हणून गोष्ट जरा लांबची सांगतो, पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशाच्या किनाऱ्यावरची. बाईंचे नाव अराबा. तरुणपणी त्या भट्टीच्या धुरावर मासे सुकवून बाजारात विकत. पुढे मासळीवाल्या बायकांच्या पुढारी झाल्या, मग खासदार, मग मंत्री. लोक त्यांना ‘नाना’ म्हणत. हसू नका, त्या मुलखात ‘नाना’ हे वडीलधाऱ्यांचे आदरनाम आहे आणि ते बाईमाणसालाही चालते.

त्यांच्याच हाताखाली तयार झालेली अजुआ नुकतीच त्या गावची नगराध्यक्षा झाली होती. एके सकाळी नाना तिच्या कचेरीत गेल्या. अजुआ लगबगीने उठली, सामोरी आली, पाहुण्यांच्या रीतीप्रमाणे तिने आधी पाणी दिले. पाणी पिऊन नाना टेबलामागे गेल्या आणि तिची ती रिकामी, भलीमोठी खुर्ची त्यांनी दोन्ही हातांनी धरून सर्वांदेखत जमिनीवर आडवी केली.

दारातला शिपाई दचकून पुढे आला. त्या समाजात आसनाला मोठा मान असतो. गावप्रमुखाला पदावरून काढले की ‘आसनावरून उतरवले’ असे म्हणतात. अजुआचा चेहरा उतरला.

“नाना, माझं काही चुकलं का? पदावर येऊन चार दिवस झाले नाहीत, आणि हा अपशकुन?”

“अपशकुन कसला? तुझी आजी आपल्या लाकडी बैठकीवरून उठली की काय करायची?”

“बैठक आडवी ठेवायची. रिकाम्या आसनात भटकता आत्मा येऊन बसतो म्हणून.”

“मग तू दौऱ्यावर गेलीस की या खुर्चीत कोण बसतं?”

शिपायाने मान खाली घातली. अजुआ हळूच म्हणाली, “कोबिना बसतात. आमचे हे. आलेली माणसं ताटकळू नयेत म्हणून.”

(आपल्याकडच्या सरपंचबाईंच्या दारात जाऊन ‘सरपंच आहेत का?’ असे विचारा, कोण बाहेर येते पाहा. तेव्हा आफ्रिकेला नावे ठेवायचे काम नाही.)

“काल तू दौऱ्यावर असताना तुझ्या नावाने हुकूम सुटला,” नाना म्हणाल्या. “किनाऱ्यावरच्या मासळीच्या भट्ट्या पाडा म्हणून. कोबिनाच्या दोस्ताला तिथे हॉटेल बांधायचं आहे. निम्म्या भट्ट्या भुईसपाट झाल्या. बाकीच्या आज पडतील.”

“देवाशपथ, मला यातलं काही ठाऊक नाही.”

“तेच तर मी सांगतेय. आपले पूर्वज शहाणे होते. घरच्या माणसाचं नाव घेणं जिवावर येतं, म्हणून ते भूत म्हणाले. पद मिळालं की आपण बाहेरच्या शत्रूवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवतो, आणि आपल्या माणसासाठी जागा मोकळी सोडून जातो. पोरी, तुझ्या जागी जो बसेल तो तुझ्याच तोंडाने बोलेल. त्याचा शब्द लोक तुझा म्हणूनच ऐकतील.”

अजुआने तिथल्या तिथे काम थांबवायचा लेखी आदेश काढला. नवऱ्याशी तिचे काय बोलणे झाले ते आपल्याला ठाऊक नाही, आणि नवराबायकोच्या मध्ये आपण पडूही नये. पण आधी ती एकटीच किनाऱ्यावर गेली. पडलेल्या भट्ट्यांच्या मातीवर बायका बसल्या होत्या. कुणी उठले नाही, कुणी पाणी विचारले नाही.

“मावश्यांनो,” ती म्हणाली, “तो हुकूम मी दिला नव्हता.”

त्यांतल्या सर्वांत वयस्कर बाईने तिच्याकडे नुसते पाहिले. “दिला कुणी ते नाही विचारत. खुर्ची कुणाची होती?”

अजुआला रडू आले. उत्तरे पुष्कळ होती, आणि सगळी खरी होती. तिने त्यांतले एकही दिले नाही.

“माझी,” ती म्हणाली. “भट्ट्या मी पाडल्या. मीच उभ्या करून देईन.”

मग ती म्हातारी जराशी सरकली, आणि तिने आपल्या शेजारची माती हाताने साफ करून तिला बसायला जागा दिली.