आंधळी झालेली नदी

काठावरच्या वडाला एकही पारंबी फुटली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. शिरवंडे गावात सोमा चितारी राहायचा. देवळाच्या भिंतींवरचे देव त्याच्याच हातचे. पण लोक त्या देवांना हात जोडत आणि पुढे जात. थांबत ते नदीकाठी, गिरजाक्कापाशी.

गिरजाक्का विधवा बाई. गेरू, काजळी, नीळ आणि बाभळीचा डिंक घेऊन ती सकाळीच खडकावर येऊन बसे आणि कापडावर नदी उतरवी. तिच्या चित्राला कान लावला तर खळखळ ऐकू येई, असं म्हणतात. सोमाच्या बायकोनंसुद्धा तिचं एक चित्र हौसेनं घरात लावलं. त्या दिवशी सोमा जेवला नाही. रोज समोर वाहते ती नदी काढण्यात कसली आलीय कला, असं तो चारचौघांत म्हणे. आणि झाडाआड उभा राहून तिचा हात कसा फिरतो ते चोरून बघे.

एकदा गिरजाक्का भाकरी खायला घरी गेली. खडकावर तिनं चार महिने खपून काढलेलं नदीचं चित्र वाळत होतं. सोमानं ते उचललं आणि नदीत खळखळून धुतलं. कापड कोरं झालं. मग त्यानं पाण्यात पाहिलं, तर स्वतःचा चेहरा दिसेना. झाडं दिसेनात, आभाळ दिसेना. नदी आंधळी झाली, असं म्हणतात. गुरं पाण्याला तोंड लावेनात. तिसऱ्या दिवशी वासरं आडवी पडू लागली, तेव्हा सोमानं गिरजाक्काच्या दारात जाऊन सगळं कबूल केलं.

"पुसलीस तू," ती म्हणाली, "आता काढायचीही तूच."

"अक्का, मला येत नाही." हे शब्द त्याच्या तोंडून आजवर कधी निघाले नव्हते.

तिनं त्याला खडकावर शेजारी बसवलं आणि अर्धं कापड त्याच्यापुढे सरकवलं. कापडावर एक झाड उतरलं की पाण्यात एक झाड उमटे. तिची झाडं पाण्यात डुलत, त्याची नुसती उभी राहत. सोमाचा जीव जळे, पण तो उठला नाही. दिवस कलताना पाण्यात आभाळ उमटलं आणि गुरं धावत नदीवर आली.

सोमाचा हेवा गेला का? नाही, असं म्हणतात. मरेपर्यंत तो तिच्या शेजारी बसून चित्रं काढत राहिला आणि रोज थोडा थोडा जळत राहिला.

अजूनही शिरवंड्यात कुणाला कुणाचं बरं बघवेनासं झालं, की म्हातारी माणसं त्या दोघांना गिरजाक्काच्या खडकावर नेऊन बसवतात. पाण्यात दोघांचे चेहरे शेजारी शेजारी स्थिर दिसेपर्यंत उठायचं नाही. वारा असला, तर दिवसही जातो.