कासारखेडची दुसरी हिरवळ

कासारखेड संस्थानात लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. विहिरी आटल्या, पाठोपाठ पटकी आली, घराघरांतून माणसं जाऊ लागली. सर्जेराव महाराजांच्या राजवाड्यापुढचं विलायती लॉन मात्र पोपटासारखं हिरवंगार होतं. गावात उरलेल्या एकुलत्या एका विहिरीचं पाणी पखाली भरभरून तिथेच ओतलं जायचं.

राजवैद्य नीळकंठशास्त्री न राहवून म्हणाले, "महाराज, हे गवत काढा. हरळी लावा, कोरफड लावा, त्यांचं थोडक्यात भागतं. विहीर गावाला द्या."

महाराज हसले. "कोरफड कुंपणाला ठीक आहे, शास्त्रीबुवा. या दुष्काळात माझ्या संस्थानात दुसरी हिरवी जागा दाखवा, उद्याच लॉन उपटतो!"

"मग आत्ताच चला."

शास्त्रीबुवा त्यांना थेट स्मशानात घेऊन गेले. चितेच्या चौथऱ्याभोवती खरोखरच हरळीचं हिरवं कडं उगवलं होतं.

महाराज चकित झाले. "इथे पाणी कोण घालतं?"

"चितेला फेऱ्या घालताना खांद्यावरच्या मडक्यातून गळतं, तेवढंच. महाराज, आपल्या गावात मडकंभर पाणी आता मेल्यावरच वाट्याला येतं. यंदा माणसं इतकी गेली, की हरळीने जीव धरला."

महाराज मान खाली घालून परतले. दुसऱ्या दिवशी लॉन उपटलं गेलं आणि विहीर गावाला खुली झाली.

पुढे स्मशानातली हरळी हळूहळू वाळत गेली. ती वाळलेली पाहून गावाला पहिल्यांदा हायसं वाटलं.