कवडूची मांडी

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. आभाळ खाली आलं होतं, म्हशीच्या पाठीसारखं काळं आणि ओलं. पाऊस इथे नव्हता, तो वर डोंगराकडे पडत होता, आणि बोडीचं पाणी मात्र गुपचूप चढत होतं. अशा हवेत अंगाला घाम सुटतो आणि मनाला संशय. त्या दिवशी साजटोल्यात कोणी कोणाकडे सरळ पाहत नव्हतं, असं म्हणतात.

ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ती पाहिलेली नाही. पण इतक्या वेळा ऐकली आहे, की आता पाहिल्यासारखी वाटते.

बोडी म्हणजे एका घरच्या मालकीचं लहान तळं. साजटोल्याची बोडी लांजेवार पाटलाची, आणि ती राखायला होता कवडू नान्हे, जातीचा ढिवर, मासे धरणारा. बोडीच्या पाळीवर, म्हणजे काठच्या मातीच्या भिंतीवरच, त्याची झोपडी होती, दारात एक बकरी होती, आणि दुसरं त्याला काही नव्हतं. पाण्यात पाय घातला की मासे त्याच्या बोटांशी येऊन बसायचे, असं म्हणतात. आता म्हणतात त्यातलं थोडं कमी करून घ्या, तरी माणूस पाण्याचाच होता.

एका वर्षी बोडी गवतानं भरली. म्हशी उतरेनात, जाळं फिरेना. तेव्हा पाटलानं लांबून मडक्यांत घालून एक नवा मासा आणला. गवत्या त्याचं नाव. गाईसारखा गवत खायचा. वर्ष झालं नाही तोच बोडी पुसून घेतल्यासारखी साफ झाली, आणि एकेक गवत्या मांडीएवढा झाला. पाटील पाळीवर उभा राहून त्यांच्याकडे पोराबाळांकडे पाहावं तसा पाहायचा.

पण गवत्याला वाहतं पाणी कळतं. पाऊस लागला आणि सांडव्यातून जास्तीचं पाणी पडू लागलं, की तो तिकडे तोंड करून उभा राहतो. म्हणून सांडव्याच्या तोंडाशी बांबूची ताटी लावायची. ती कशी बांधायची, हे आमच्याकडे ठरलेलं होतं. त्याच दिवशी रानातून हिरवी वेल आणायची आणि तिनं ताटी बांधायची. कोरडा दोर तिरडीला लागतो, म्हणून तो पाण्याला लावायचा नाही. आजे-पणजे असंच बांधत आले. कवडूनंही तसंच बांधलं.

आणि ताटी सुटली. बांबू वेगळे झाले, मासे गेले. कवडूनं परत बांधली, परत सुटली. तुटलेल्या वेलीची टोकं पाटलानं हातात घेऊन पाहिली. विळ्यानं कापावीत तशी होती.

"कवडू," पाटील म्हणाला, "गाठ सुटली का सोडली?"

कवडू खाली बसून सुटलेले बांबू गोळा करू लागला.

"आता एक खेप अजून झाली, तर झोपडी उचल आणि जा. दुसऱ्या गावाला बोडी असेल, पण तुझं नाव तिथं तुझ्या आधी पोचलेलं असेल."

कवडूला झोपडीचं एवढं नव्हतं. नावाचं होतं.

त्यानं मनात धरलं, की हे काम इस्तारीचं. इस्तारी भोयर त्याचा शेजारी, सांडव्याच्या खालची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, त्याची. ताटी सुटली की मासे जाणार कुठे, तर इस्तारीच्या बांधीत. मग कापणार दुसरं कोण?

तिकडे इस्तारीच्या मनात दुसरंच. त्याच्या धानाचे पऱ्हे, लावणीची कोवळी रोपं, कोणी तरी खात होतं. नुसते शेंडे, वरच्यावर कुरतडलेले. बकरी फक्त कवडूची. म्हणजे कवडू बकरी सोडतो. दोघांचं एकमेकांच्या घरी ताक जायचं ते बंद झालं, विस्तव जायचा तो बंद झाला. आपला संशय दोघांनी मुठीत धरून ठेवला. एकानं जरी मूठ उघडली असती, तरी दोघांना कळलं असतं. पण कोणी उघडली नाही.

त्या दिवशी, भरदुपारी, सांडव्याच्या एका काठाला कवडू येऊन बसला आणि दुसऱ्या काठाला इस्तारी. चोर पकडायला दोघेही आलेले.

"तू काहून आला?" कवडू म्हणाला.

"तू काहून बसला?"

"मी बोडी राखतो. तू आपल्या पऱ्ह्यात बस ना."

"पऱ्ह्यात बसलो त बकरी दिसन. इथं बसलो त मालक दिसते."

 पाणी चढत राहिलं. एकमेकांच्या हातांवर त्यांची नजर, कोण विळा काढतो ते पाहत. कोणी काढला नाही. आणि त्यांच्या मधून, पाण्याखालून, कचर कचर आवाज येऊ लागला. जनावर कडबा खातं तसा.

दोघांनी वाकून पाहिलं. गवत्ये ओळीनं उभे होते आणि ताटीची हिरवी वेल खात होते, शांतपणे, दावणीला बांधल्यासारखे. एका बांबूची गाठ सुटली. त्या फटीतून एक मासा निसटला, इस्तारीच्या बांधीत उतरला, आणि तिथे पोचल्याबरोबर पऱ्ह्याचे शेंडे तोडू लागला.

 तेवढ्यात डोंगराचं पाणी आलं आणि ताटी गेली.

कवडू उठला आणि सांडव्याच्या तोंडात जाऊन बसला, मांडी घालून. जिथे ताटी होती तिथे आता माणूस. पाणी छातीला लागलं, मासे पाठीला धडकू लागले.

"येडा हायेस का," इस्तारी म्हणाला, "वाहून जाशीन."

"जाईन त जाईन. मासे गेले त पाटील म्हणन, मीच सोडले."

इस्तारी बांधीत धावला. उरलेसुरले पऱ्हे, त्याचं त्या वर्षाचं सगळं धान, त्यानं दोन्ही हातांनी उपटलं, आणि पेंढ्या बांधून बोडीच्या खोल पाण्यात फेकत गेला. तेव्हा गवत्ये वळले. सांडव्याकडे पाठ करून सगळे हिरव्याकडे गेले, सांजच्या गाई गोठ्याकडे जातात तसे.

पण पाणी उतरेपर्यंत कवडू हलला नाही. त्याच्या खांद्यावर शेवाळ चढलं, डोक्यावर बगळा बसला, आणि पाणी त्याला वळसा घालून जाऊ लागलं, असं म्हणतात.

पाटील आला. सगळं ऐकलं, आणि तरी म्हणाला, "तुम्ही दोघं मिळालेले तर नाही?" मग त्यानं स्वतः वेलीचा तुकडा पाण्यात धरला. माशानं तो त्याच्या बोटांतून ओढून नेला. पाटील बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत राहिला.

त्या वर्षी गावानं आपापल्या पऱ्ह्यातली मूठमूठ इस्तारीच्या बांधीत लावली. आणि तेव्हापासून साजटोल्यात ताटी कोरड्या दोरानं बांधतात, पळसाच्या मुळ्या कुटून वाळवलेल्या दोरानं. तिरडीची भीती तेव्हाच गेली.

सांडव्याच्या तोंडाशी मांडी घातल्यासारखा एक दगड आहे. कवडू घरी गेला आणि म्हातारा होऊन मेला, असं काही जण म्हणतात. तो उठलाच नाही, असंही म्हणतात. मी दगडाला हात लावून पाहिला आहे. उन्हाळ्यातही ओला असतो.

दर वर्षी ताटी लावायच्या दिवशी गाव तिथे जमतं. आधी एका बकरीला कुंकू लावून पोटभर चारा घालतात. त्या वर्षी ज्यांचं बोलणं तुटलं असेल त्या दोघांना समोरासमोर बसवून पहिली गाठ मारायला लावतात. पऱ्ह्याची एक पेंढी खोल पाण्यात जाते. आणि शेवटी भोयरांच्या घरचा जो कोणी असेल तो वाकून, पाणी उतरल्यावर इस्तारी कवडूला जे बोलला होता, तेच दगडाला बोलतो:

"बकरी तुही नव्हती रे कवडू. ऊठ आता, पेज निवून राहिली."